कुणी न मागितलेली झेरॉक्स

ग्लेनिस रोबॉटम जिना चढताना दिसली की स्पेनमधल्या बेनिफोर गावच्या नगरपालिकेतला खिडकीमागचा कारकून चष्मा पुसायला घेई. ती भांडखोर होती असं नाही. चौदा वर्षांत तिनं त्या इमारतीत एकदाही आवाज चढवला नव्हता. पण तिच्या काखेत ती जांभळी फाइल असे, आणि कारकून जो म्हणून कागद मागेल तो त्या फाइलमध्ये असे. तिला परत पाठवायला त्याच्याकडे काही कारणच उरत नसे. अकरा वाजताची कॉफी त्यामुळे कितीदा तरी हुकली होती.

मूळ कागद एक, झेरॉक्स दोन, आणि कुणी मागितलेलीच नाही अशा एखाद्या कागदाची झेरॉक्स एक, असा तिचा नेम होता. इंग्लंडात, डडली गावात, बावीस वर्षं ती एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसली होती. ज्यानं शेवटचा कागद आणला नाही त्याचं काय होतं, हे तिनं टेबलाच्या त्या बाजूनं पाहिलेलं होतं. स्पेनमध्ये आल्यावर ती या बाजूला आली, एवढाच फरक.

अलिकांते शहराच्या मागच्या त्या डोंगरात चाळीसेक इंग्रज म्हातारी माणसं उन्हासाठी येऊन राहिली होती. ऊन भरपूर मिळालं, पण सोबत कागदही आले. राहत असल्याचा दाखला, पाण्याचं मीटर, दवाखान्याचं कार्ड, कुत्र्याची नोंद. सगळे ग्लेनिसकडे यायचे. ती चहा करायची आणि रकाने भरायची. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या दाखल्याचा किस्सा तर गावात सगळ्यांना पाठ होता. कार्यालयानं लग्नाचा दाखला मागितला, तिनं दिला. तिथली बाई म्हणाली, "हा जुना आहे. तीन महिन्यांच्या आतला हवा."

"माझं लग्न चव्वेचाळीस वर्षांपूर्वी झालंय."

"असेल. पण तीन महिन्यांच्या आतला हवा."

तिनं इंग्लंडहून नवा दाखला मागवला, त्यावर शिक्का घेतला, शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर करून घेतलं आणि नेऊन दिला. त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, "देस, अभिनंदन. आपलं तीन महिन्यांच्या आत लग्न झालेलं आहे."

देस म्हणजे डेस्मंड. एकतीस वर्षं त्यानं डडलीत बस चालवली. त्याला स्पॅनिश शब्द एकूण बारा येत, त्यातले नऊ खाण्याचे. संसाराची वाटणी लग्नाच्या पहिल्या वर्षीच झाली होती. गाडीचं चाक त्याचं, कागद तिचे.

तसं लायसन तिच्याकडेही होतं. सव्विसाव्या वर्षी पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाली होती ती. दुसऱ्या दिवशी गाडी मागे घेताना तिनं ती कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीला भिडवली. पेटीला ओरखडाही आला नाही, गाडीचा मागचा दिवा मात्र गेला. देस उतरला, गाडीला एक फेरी मारून आला, परत बसला आणि एक अक्षर बोलला नाही. नुसता नाकातून श्वास सोडला. त्या श्वासानंतर ग्लेनिसनं चाकाला हात लावला नाही, त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. पण कागद मुदतीबाहेर जाऊ देणं तिच्या स्वभावात नव्हतं. देसचं लायसन नवं करायची वेळ आली की ती आपलंही करून घ्यायची. दोघांचे अर्ज, दोघांचे फोटो, दोघांच्या झेरॉक्स.

या वर्षी पुन्हा ती वेळ आली होती. पासष्टी उलटली की दर पाच वर्षांनी तपासणी द्यावी लागते, आणि देसच्या लायसनची मुदत शुक्रवारी संपत होती. बुधवारची वेळ मिळाली.

मंगळवारी इंग्लंडहून लोरेनचा, मुलीचा, फोन आला. "मम्, पप्पांना नाही जमलं तर तिथं डोंगरावर काय करणार तुम्ही? सहा किलोमीटर चालत जाणार का पावाला? इथली मागची खोली रिकामीच आहे. व्यायामाची सायकल तेवढी हलवावी लागेल."

ती सायकल गेली चार वर्षं 'तेवढी हलवावी' लागत होती. ग्लेनिसनं ती खोली पाहिली होती. खिडकीतून शेजाऱ्याच्या कचऱ्याचे तीन डबे दिसत, तीन रंगांचे.

"न जमायला काय झालंय त्याला?" ती म्हणाली. "एकतीस वर्षं बस चालवलीय त्यानं."

फोन ठेवून तिनं देसचा अर्ज भरायला घेतला. 'दृष्टीची काही तक्रार?' असा रकाना आला. तिनं 'नाही' लिहिलं. लिहिताना पेन क्षणभर थांबलं, शाई संपत आली असेल असं तिला वाटलं.

तपासणीचं केंद्र हार्डवेअरच्या दुकानाच्या वर होतं. आत आलं की विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करतं. त्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि कुठंही जाऊन बसायचं. रांग डोक्यात असते, पायांना तिचा त्रास नसतो. ग्लेनिस हे पहिल्या महिन्यातच शिकली होती. तिनं विचारलं, टोपी घातलेल्या विसेंतेनं हात वर केला, ती बसली.

देस बसला नाही. तपासणीच्या खोलीच्या दाराशी जाऊन तो एकटाच रांगेत उभा राहिला.

"देस, इकडे ये. बस."

"रांग म्हणजे रांग, ग्लेन."

"एका माणसाची रांग नसते."

"कुठूनतरी सुरुवात करावी लागते."

विसेंते बदामाचा शेतकरी. तो ग्लेनिसला म्हणाला, "राहू दे बाई. इंग्रजानं दार धरून ठेवलंय म्हणून तर इमारत उभी आहे." बाकावरच्या बायका हसल्या. ग्लेनिसही हसली. चौदा वर्षं हा माणूस पाववाल्याकडे, टपालात, सगळीकडे असाच उभा राहत आला होता आणि सगळे त्याच्या पुढून जात होते. त्यात नवं काही नव्हतं.

विसेंतेचा नंबर लागला. तो आत गेला, दार अर्धवट उघडं राहिलं. थोड्या वेळानं ग्लेनिसच्या लक्षात आलं की देसचे ओठ हलताहेत. देस प्रार्थना म्हणतोय? फुटबॉलच्या सामन्यातली एक पेनल्टी सोडली तर यानं कधी देवाचं नाव घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. पाण्याची बाटली घेऊन ती त्याच्यापाशी गेली.

"आचे, एने, ऊवे, ओ, थेता," देस पुटपुटत होता. "आचे, एने, ऊवे, ओ, थेता."

आतून विसेंतेचा खणखणीत आवाज येत होता. तो डोळे तपासायच्या तक्त्यावरची स्पॅनिश अक्षरं वाचत होता.

ग्लेनिसनं बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "ती कुठली अक्षरं आहेत, माहीत तरी आहे का तुला?"

"नाही," देस म्हणाला. "पण पाठ झालीत."

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं गं. धुकं असतं थोडं."

"कधीपासून?"

"बदाम फुलले तेव्हापासून."

"या वर्षी की मागच्या वर्षी?"

देस दाराकडे बघत राहिला. "मागच्या."

म्हणजे पावाला, दवाखान्यात, किनाऱ्यावरच्या एका वाढदिवसाला, सव्वा वर्ष हा तिला धुक्यातून फिरवत होता. फेब्रुवारीत आभाळ गच्च भरलेलं असताना "ऊन डोळ्यावर येतंय" म्हणाला होता. आणि तिनं वळून पुढची काच पुसून दिली होती. तेव्हाच तिला कळलं होतं. कळलेलं कुठल्या रकान्यात लिहायचं, तेवढं ठरत नव्हतं.

"तुझ्या अर्जावर मी माझ्या हातानं 'नाही' लिहिलंय," ती म्हणाली.

"मग? तू तरी विचारलंस कुठं मला? सरळ लिहून टाकलंस."

ग्लेनिसनं फाइल उघडून तो अर्ज वर काढला.

"ती सायकल नाही हलवणार लोरेन," देस हळूच म्हणाला. "मी त्या सायकलशेजारी झोपणार नाही, ग्लेन."

विसेंते बाहेर आला. रिसेप्शनवरच्या एन्कार्नानं हाक मारली, "दोन देस्मोंद." स्पॅनिशमध्ये 'दोन' म्हणजे श्रीयुत, बाईला 'दोन्या'. तेवढ्यात ग्लेनिसनं त्याचा अर्ज घेतला, 'नाही' वर एक सरळ रेघ मारली, 'हो' लिहिलं, बाजूला सही केली आणि अर्ज त्याच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून खाडाखोड झालेला कागद कुणाच्या टेबलावर जाणार होता.

"हे काय लिहिलंस?" देसनं कागद नाकाशी नेला.

"वाचता येत असेल तर वाच."

डॉक्टर आम्पारोबाईंनी बायकोलाही भाषेसाठी आत बोलावलं. अर्जावरची रेघ त्यांनी पाहिली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "तक्त्यावरची ओळ वाचा."

देसनं छाती पुढे काढली आणि वाचली. "आचे, एने, ऊवे, ओ, थेता." उच्चार असे की आम्पारोबाईंनी मान वर केली. चौदा वर्षांत त्यानं इतकं शुद्ध स्पॅनिश काढलं नव्हतं.

"छान. आता डावा डोळा झाका आणि खालची ओळ."

"आचे, एने, ऊवे, ओ, थेता."

"फारच सुंदर म्हणता तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "पण खालच्या ओळीत आकडे आहेत."

पुढे यंत्र होतं. पडद्यावर दोन वळणावळणाचे रस्ते, दोन ठिपके आणि दोन हातांना दोन दांडे. ठिपका रस्त्याबाहेर गेला की यंत्र शिटी देतं. देसचं यंत्र एकदा जे वाजायला लागलं ते थांबेचना. बाहेरून विसेंतेचा आवाज आला, "कुकर उतरवा कुणीतरी."

"एकतीस वर्षं बस चालवली मी," देस ग्लेनिसला म्हणाला. "बसला एक चाक असतं हातात. हातात दोन चाकं धरायची गाडी कुठली असते, विचार त्यांना."

ग्लेनिसनं विचारलं.

"कुठलीच नसते," आम्पारोबाई म्हणाल्या. "हे राहू दे. मुद्दा डोळ्यांचा आहे. दोन्हीकडे मोतीबिंदू आहे. शस्त्रक्रिया करा, मग या. तोवर मी सही करू शकत नाही. बरं झालं तुम्ही अर्जात खरं लिहिलंत. लपवाछपवी दिसली असती तर मला वेगळं लिहावं लागलं असतं." हातानं मारलेल्या त्या रेघेवर त्यांनी शिक्का मारला.

शस्त्रक्रियेची यादी सात महिन्यांची होती. देस टोपी हातात घेऊन बाहेर येऊन बसला. या वेळी बसला.

"दोन्या ग्लेनिस," एन्कार्नानं हाक मारली. "तुमचाही अर्ज आहे."

ती विसरूनच गेली होती. आत गेली, अक्षरं वाचली, आकडे वाचले. मग दांडे धरले. डावा ठिपका आपला डावीकडे गेला, उजवा उजवीकडे. पन्नास वर्षं विणकामाच्या दोन सुया दोन हातांनी चालवल्या होत्या, नजर कायम दूरचित्रवाणीवर ठेवून. यंत्राची एकही शिटी वाजली नाही. आम्पारोबाईंनी यंत्राची वायर नीट लागलीय का ते पाहिलं.

"बरंच चालवता वाटतं गाडी."

"त्रेचाळीस वर्षांत चालवलेली नाही," ग्लेनिस म्हणाली. आज रेघा मारायच्याच होत्या तर ही पण मारून टाकावी. "हे कुठं लिहायचं?"

आम्पारोबाईंनी अर्ज खालीवर पाहिला, उलटून पाहिला. "याला रकाना नाही, बाई." आणि सही केली.

खाली गाडीपाशी देसनं खिशातून किल्ली काढली. "शुक्रवारपर्यंत चालतंय माझं लायसन."

"लायसन चालतंय," ग्लेनिस म्हणाली आणि हात पुढे केला.

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. मग तिच्या काखेतल्या फाइलकडे. दोघांनी अदलाबदल केली.

सीट पुढे घ्यायला सात मिनिटं लागली, आरसे लावायला पाच. चाक डाव्या बाजूला, रस्ता उजव्या बाजूला, डोंगर समोर. देस फाइल मांडीवर धरून बसला होता, लहान मूल सांभाळावं तसा.

"एक सांगते," ती म्हणाली. "तो नाकातला श्वास सोडायचा नाही. जे असेल ते तोंडानं बोल. त्या श्वासापायी त्रेचाळीस वर्षं बाजूला बसलेय मी."

"कुठला श्वास?"

"टपालपेटीचा."

देसला ती आठवली. "अगं, तेव्हा मला वाटलं, आता दिवा बदलायला दिवस जाणार. शनिवारचा सामना बुडणार. एवढंच."

ग्लेनिसनं गाडी सुरू केली. पहिल्या वळणाला इंजिन बंद पडलं, दुसऱ्यालाही. तिसऱ्यापासून ती दुसऱ्या गियरवर चढली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. मागे पावाची व्हॅन, तिच्यामागे टपालाची स्कूटर, तिच्यामागे विसेंतेचा ट्रॅक्टर. इतकी व्यवस्थित रांग त्या गावात कधी लागली नव्हती. देस वळून वळून ती पाहत होता, तेवढी त्याला दिसत होती. "डावीकडे दरी," तो बोलत होता. "आता मोकळं. घंटा वाजली, चला. उतरणारे कुणी नाहीत." सहा किलोमीटरला पस्तीस मिनिटं लागली. विसेंतेनं फाटकापाशी भोंगा वाजवून टोपी काढली. टोमणा होता की काय, कळायला मार्ग नव्हता.

फाटकातून आत घेताना कर्रकन आवाज आला.

ग्लेनिसचे हात चाकावरच राहिले. देस उतरला. मागे जाऊन त्यानं गाडीवरून तळवा फिरवला, मग फाटकाच्या खांबावरून.

"दिवा गेला," तो तोंडानं म्हणाला. "खांबाचा टवका उडालाय. बाकी चांगलं चढवलंस. मी पहिल्या दिवशी बस डेपोच्या भिंतीत घातली होती. तुला कधी सांगितलं नव्हतं."

ती उतरली. फाइल मागितली, आणि शेवटच्या कप्प्यातून अपघाताचा फॉर्म काढला, विम्याचा, दोन प्रतींत. तो तिथं चौदा वर्षं पडून होता, कुणी कधी मागितला नव्हता. बॉनेटवर ठेवून ती लिहू लागली. वाहनचालक, ग्लेनिस रोबॉटम. दुसरा पक्ष, फाटकाचा खांब. खांबाचा मालक, ग्लेनिस रोबॉटम. साक्षीदार.

"इथं सही कर."

"कुठं?"

तिनं त्याचं बोट धरलं आणि नेमक्या रेघेवर नेऊन ठेवलं.