लॅबमधल्या मामांचा सत्कार

“शाल दिली हेडक्लार्कला आणि पेपरात नाव लॅबमधल्या मामांचं? कुणी लिहिलं हे?” प्राचार्य असे ओरडले की तिकडे सिन्नरच्या स्टँडवरून सुटलेली एसटीसुद्धा ब्रेक मारून थांबली असेल. लिहिलं होतं मीच. सत्काराच्या शालीचा डांबरगोळ्यांचा वास आला की अजून ती सकाळ आठवते. आमच्या कॉलेजात कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाआधीच पेपरला जायची आणि ती लिहायला माझ्याइतका थापाड्या पंचक्रोशीत नव्हता. गुणवंत कर्मचारी म्हणून लॅबमधल्या शिपाईमामांचं नाव ठरलं होतं. महिनाअखेरीला ते रिटायर होणार, म्हणजे पुन्हा संधी नाही. मी दुपारीच लिहून धाडलं: टाळ्या दहा मिनिटं थांबेनात, मामांना गहिवरून आलं. संध्याकाळी संस्थेच्या अध्यक्षांनी ऐनवेळी स्वतःच्या मेव्हण्याचं, म्हणजे हेडक्लार्कचं, नाव पुकारलं. मागे खुर्च्या लावत असलेल्या मामांनीही टाळ्या वाजवल्या. बातमी थांबवायचं मला सुचलंच नाही. आता प्राचार्यांनी माझ्याकडून खुलासा लिहून घेतला आणि मी लॅबमध्ये गेलो. जन्मभर थापा मारल्या, पण तिथे एकही सुचेना. मामा परीक्षानळ्या धूत होते. म्हटलं, “मामा, उद्याच्या पेपरात खुलासा येतोय. तुमचं नाव काढतायत.” त्यांनी हातातली नळी उलटी करून स्टँडला लावली. “येऊ द्या सर. आजचा तेवढा बायकोनं कापून ठेवलाय. उद्याचा आम्ही घेत नाय.”