अन्ननलिकेची परीक्षा

शहरातल्या एका बड्या सर्जननी माझं ऑपरेशन चार मिनिटांत ठरवलं. त्यांच्या मागच्या भिंतीवर सन्मानचिन्हांची इतकी गर्दी होती, की कॅलेंडरला बाथरूमच्या दारावर जावं लागलं होतं. आम्ल वर येण्याचा माझा त्रास दहा वर्षांचा. "जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण गुंडाळायचा. काम पक्कं," ते म्हणाले. घास कधीकधी छातीत अडकतो, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

मला त्या घासाचीच काळजी होती. जळजळ थांबली आणि गिळणंही थांबलं, तर काय उपयोग? म्हणून गुलमंडीच्या मागच्या गल्लीतल्या एका सर्जनबाईंकडे गेले. त्यांनी आधी अन्ननलिकेचा जोर मोजून आणायला सांगितलं. "नळीत जोर नसेल आणि आपण वेढा घट्ट घातला, तर घास खाली ढकलणार कोण?"

तपासणीला उपाशीपोटी जायचं होतं. सोबतीला धाकटी नणंद खास सोयगावहून आली होती. निघताना तिनं माझ्या हातावर चमचाभर दही-साखर ठेवली. परीक्षा म्हटलं की हात आपोआप पुढे होतो. मी चाटून मोकळी झाले.

तिथल्या टेक्निशियननं विचारलं, "मॅडम, काय खाल्लं का?"

"खाल्लं कुठं? शकुनाचं दही तेवढं," नणंद म्हणाली.

"मावशी, शकुन बी पोटातच जातो. उद्या या."

रिक्षात ती माझ्यावरच उखडली. "वहिनी, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, नाय म्हणता येत नव्हतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिनं दही-साखर माझ्यासमोर स्वतःच खाल्ली. "तुमच्या नावानं," म्हणाली. तिकडे मला आडवं करून नाकातून बारीक नळी घातली. दर वेळी घोटभर पाणी एकदाच गिळायचं आणि अर्धा मिनिट गप्प पडायचं. शाळेत पस्तीस वर्षं बोलत आले. गप्प पडण्याचा सराव नाही. "मधी गिळू नका, मॅडम," हे मी आठ वेळा ऐकलं.

निकाल लागला: अन्ननलिका अशक्त. पूर्ण वेढ्यात घास दारातच बसून राहिला असता. सर्जनबाईंनी समोरची बाजू मोकळी सोडून अर्धवट वेढा घातला. थोडी जळजळ कधीतरी उरेल, हेही आधीच बजावलं. एवढं कमी आश्वासन देणारं माणूस मला फार वर्षांनी भेटलं.

सहा आठवडे पेज, सूप आणि मऊ खिचडी. मग नणंद ज्वारीची भाकरी घेऊन पुन्हा आली. वरणात भिजवलेला एक तुकडा मी चावून चावून पार पातळ केला आणि गिळला. तो छातीच्या मध्यावर थांबला. नणंद माझ्याकडे बघत होती, मी भिंतीकडे. मग तो सावकाश खाली सरकला.

"गेला?"

"गेला."

"मग घ्या की दुसरा. वाट कोणाची बघता?"