उजवीकडची सीट

"कापू देणार नाही म्हणजे नाही!"

"अगं, अख्खी गाडी थोडीच कापतोय? इंजिनच्या मागचा पत्रा तेवढा. स्टिअरिंग डावीकडचं उजवीकडे येईल. बास."

"बास? आणि तुम्ही कुठं बसणार?"

"डावीकडे. नाहीतर घरी."

सुमित्रामावशीनं हातातला पाना पोर्चच्या कट्ट्यावर ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. स्टुलावर बसलेला गुरनाम मिस्त्री खाली मान घालून चहात बघत राहिला. मोजमापाची टेप त्याच्या गुडघ्यावर गुंडाळलेली होती. मी तोंडात ब्रश तसाच धरून जिन्यात थबकले.

नाटक शिकायला विद्यापीठात आल्यापासून, म्हणजे सत्त्याण्णवपासून, मी चंडीगडच्या सेक्टर ३३ मधल्या या घराच्या बरसातीत राहत होते. गच्चीवरच्या एकट्या खोलीला इकडे बरसाती म्हणतात. खाली मावशी आणि जयंतकाका. मावशी मिरजेची, एस.टी. डेपोतल्या मेकॅनिकची मुलगी, पलीकडच्या सेक्टर ३२ च्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट. काका तिथल्याच कॉलेजात ॲनाटॉमी शिकवायचे. दोन वर्षांत या दोघांचं भांडण मी कधी ऐकलं नव्हतं. आज ऐकत होते, तेही तिच्यावरून.

ती पोर्चमध्ये शांत उभी होती. छप्पन सालची इटालियन फियाट, दोन माणसांची, उघडी, पिकल्या डाळिंबाच्या रंगाची. माझ्या कमरेला जेमतेम लागेल एवढी उंची. समोरची काच दोन्ही बाजूंनी वळून मागे आलेली, पदर सावरल्यासारखी.

मावशीला ती भेटली त्र्याण्णवला. कसौलीच्या एका कर्नलच्या विधवेला गुडघ्याचे व्यायाम शिकवायला ती जायची. एकदा कोंबड्या हाकलायला म्हणून शेडमध्ये डोकावली, तर गोणपाटाखाली ही. कुणी इटालियन इंजिनिअर मायदेशी परतताना सोडून गेलेला, आणि ड्रायव्हरच्या सीटवर चार अंडी.

"मला असली नको, चालणारी गाडी हवी," बाई म्हणाल्या. मावशीनं पर्समधून आपल्या मारुतीची किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. त्या वर्षी चंडीगडात ज्याच्या त्याच्या दारात नवी कोरी गाडी येत होती, आणि हिनं चालती गाडी देऊन बंद गाडी ट्रकवर घालून आणली.

समोरचे खन्नाजी फाटकातूनच ओरडले होते, "मॅडमजी, नहाने का टब लाई हो क्या?"

"हां जी," मावशी म्हणाली, "पाणी गरम झालं की बोलावते!"

पाणी गरम व्हायला दोन वर्षं लागली. तिचं इंजिन आपल्या प्रीमियर पद्मिनीच्याच घराण्यातलं, त्यामुळे मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये टॅक्सीचे सुटे भाग धुंडाळत मावशी आणि गुरनाम रविवारचे रविवार हिंडले. "बापूंनी मला खेळायला पाने दिले, बाहुल्या नाही," एवढंच ती सांगायची. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा गुरनामनं म्हणे पगडी सारखी केली आणि गाडीला हात जोडले.

एक गोष्ट मात्र बदलता येत नव्हती. इटलीची गाडी, स्टिअरिंग डावीकडे. आपला रस्ताही डावीकडचा. म्हणजे पुढं ट्रक असला की मावशीला ट्रकच्या पाठीपलीकडचं काही दिसायचं नाही. ते दिसायचं उजवीकडच्या सीटवरच्या माणसाला. म्हणून काका. ते बाहेर झुकायचे, बघायचे आणि सांगायचे, "मोकळं." मग मावशी ट्रक ओलांडायची.

हे मला आधी कळलंच नव्हतं. गेल्या वर्षी मी हट्टच धरला, तेव्हा त्यांनी मला सीटांच्या मागच्या, बॅगा ठेवायच्या फळीवर आडवी कोंबली. "नाटकवाली आहे, कुठंही मावते," काका म्हणाले. शहरातले सरळसोट रस्ते मावशीनं कंटाळून पार केले. चौकातलं गोल चक्कर आलं की तेवढी खुलायची, मुद्दाम एक फेरी जादा मारायची. आणि मग परवाणू मागे पडलं, चढ सुरू झाला.

डांबर इतकं जवळ, की हात सोडला तर बोटं सोलतील. चिडाच्या झाडांचा वास थेट नाकात. काट्यावर बघितलं, तर ताशी पन्नास! मला तर आपण उडतोय असं वाटत होतं. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर मावशी दोन बोटांनी टाकायची, रुग्णाचं मनगट वळवावं तसा. वळणापूर्वी इंजिनाचा आवाज खर्जात जायचा, वळणातून बाहेर पडताना वर चढायचा, आणि माझ्या बरगड्यांना तो आधी कळायचा, कानांना मागून.

आणि पुढं ट्रक आला. काका झुकले. "थांब. बस आहे. थांब. मागं एक जीप. मोकळं."

मावशीनं रस्ता बघितला नाही. तिला दिसतच नव्हता. त्या एका शब्दावर तिनं गाडी ट्रकबाहेर काढली, आंधळी, पूर्ण पाय दाबून. नाटकाच्या वर्गात आम्ही डोळे मिटून मागे पडायचो आणि मित्र झेलायचे, तेव्हा खाली गादी असायची. इथं दरी होती. अन् ही बाई गाणं गुणगुणत होती.

वर पोचल्यावर मी विचारलं, "मावशी, भीती नाही वाटत?"

"मारुतीत मी नुसती पोचायचे गं. हिच्यात मी जाते."

"पण दिसत नसताना?"

"दिसतं की. ह्यांना." तिनं थर्मासचं झाकण काकांपुढं धरलं. "चहा घ्या हो, माझे डोळे."

तेच डोळे. मोतीबिंदू दोन्हीकडे. उन्हाळ्यापासून काका चष्मा पुसत होते आणि चष्म्याला शिव्या देत होते. मावशीनं आपल्याच रुग्णालयातून तारीख आणली, एकदा नाही, तीनदा. पहिल्या दोन्ही वेळा काकांना नेमकं काहीतरी काम निघालं. तिसरं कार्ड फळांच्या टोपलीखाली पडून होतं, त्याच्यावर केळ्याचा डाग.

आणि मागच्या रविवारी धरमपूरच्या अलीकडे काका म्हणाले, "मोकळं." मोकळं नव्हतं. धुक्याच्या रंगाची बस होती. मावशीनं ब्रेक दाबला, गाडी आडवी होऊन ट्रकच्या मागे परत शिरली. कुणाला खरचटलंही नाही. परत येताना मावशी ट्रकांच्या मागे मागेच राहिली, कुणालाही न ओलांडता म्हणे. आणि आज काकांनीच गुरनामला बोलावलं होतं.

"स्टिअरिंग उजवीकडे आलं की तुला कुणाची गरज नाही," काका आता हळू आवाजात सांगत होते. "तुझं तुला दिसेल. नाहीतर स्वरालीला बसव. पोरीचा आवाज खणखणीत आहे."

मी ब्रशसकट मान हलवली. नाही म्हणून.

"गुरनामजी," मावशीनं विचारलं, "तुम्ही सांगा. कापल्यावर ती तशीच राहील?"

गुरनामनं कप खाली ठेवला. "चलेगी तो सही, बीबीजी. पर फिर ये वो नहीं रहेगी. मेरा तो दिल नहीं करदा." मग काकांकडे बघून म्हणाला, "डॉक्टर साब बोलेंगे तो काट दूँगा."

"बघा," मावशी म्हणाली. "ज्याच्या हातात कटर, त्यालाच कापवत नाहीय. आणि तुम्ही? तीस वर्षं पोरांना डोळा उघडून दाखवताय. हे भिंग, हा पडदा. पाठ आहे तुम्हाला."

"म्हणूनच!" काका एकदम ओरडले. "म्हणूनच माहितीय मला. किती पातळ असतं ते सगळं. माझ्या टेबलावरचा एक तरी डोळा परत बघायला लागलाय का?"

खन्नाजींच्या घरातला रेडिओ तेवढा ऐकू आला.

मावशीनं हात साडीला पुसले. आत गेली, फळांच्या टोपलीखालचं कार्ड घेऊन आली आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवलं.

"तुमच्या टेबलावरचे मेलेले असतात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "उद्याची तारीख आहे. ॲडमिट आजच व्हायचंय, दुपारपर्यंत. मी रजा टाकलीय. गुरनामजी इथं बसलेत, पत्रा इथं आहे. काहीतरी एक कापायचंच आहे ना? मग ठरवा. गाडी की डोळा?"

काका गाडीजवळ गेले. नीट दिसत नसावं, म्हणून त्यांनी बोटांनीच चाचपलं. इंजिनच्या मागची ती कडा, जिथं गुरनामनं खडूची रेघ ओढली होती. अंगठ्यानं रेघ पुसली. मग बोटं सरकत उजवीकडच्या दाराशी गेली, तिथल्या झिजलेल्या रंगावर थांबली. झुकताना ते कोपर तिथंच टेकवायचे.

"अहो, काहीतरी बोला!" मावशी म्हणाली.

काकांनी सीटवरची आपली लोकरी टोपी उचलली, डोक्यावर बसवली, बॉनेटवरचं कार्ड शर्टाच्या खिशात घातलं, आणि फाटक उघडं टाकून रुग्णालयाच्या दिशेनं चालू लागले.