देवधर साहेबांना पुण्यातून दिसायचं

मशीनच्या खोलीत माणूस आठ वर्षं बसला की धुळीसारखे किस्से साठतात. धूळ मी रोज पुसायचो.

मी सातवी पास. सातपूरच्या कारखान्यात लेथवर होतो. बोट गेलं, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली मिळाली. आत एक सर्व्हर. बारा जणांच्या टेबलावर नुसते पडदे, कामं सगळी या एका मशीनवर चालायची. मशीन आमच्याकडे, पण कारभार पुण्याच्या देवधर साहेबांकडे. कोणाचं काय चालू आहे याची यादी त्यांना तिथे बसून, रोज मशीनमध्ये शिरून दिसायची.

साहेबांचं पहिल्या दिवसापासून एकच म्हणणं. "मशीन पुण्याला हलवा." मशीन गेलं की खोली बंद, आणि मी गेटवर, गाड्यांना सलाम ठोकायला. ते मला जमणारं नव्हतं.

*

पहिल्याच आठवड्यात साहेबांचा फोन. "मामा, तिथे कोणीतरी पत्ते खेळतंय. बघा जरा."

मी गेलो. अर्ध्या तासाने फोन केला. "साहेब, चार जण पकडले. कॅन्टीनच्या मागे. पत्ते जप्त केले."

"अहो, मशीनवर खेळतंय कोणीतरी!"

आता पुण्यात बसून दिसतं म्हटल्यावर कॅन्टीनही दिसत असेल, असं मी धरलं. पत्ते मी परत दिले नाहीत.

*

डिस्पॅचच्या वंदनाताईंच्या पडद्यावर एकदा 'राजीनामा' नावाची फाइल उघडी होती. साहेबांनी ती पुण्यातून पाहिली आणि लगेच आमच्या मॅनेजरना कळवलं. वंदनाताई गेल्या तर एक ट्रक हलणार नाही. मॅनेजर घाबरले. दुपारपर्यंत बाईंना नवीन फिरती खुर्ची आणि खिडकीजवळची जागा मिळाली.

मी विचारलं, "ताई, खरंच चाललात?"

"छे हो मामा! राजीनामा सासऱ्यांचा आहे. कळवणला भजनी मंडळाचे अध्यक्ष आहेत ना, ते पद सोडतायत. मी टाइप करून देत होते."

पुढच्या सोमवारी साहेबांना पुण्यात सात राजीनामे उघडे दिसले.

*

मग मशीन मंद पडायला लागलं. गाडीसोबत द्यायचं मालाचं चलान छापून निघायला तास तास. गाड्या गेटवर उभ्या. सिन्नरचा एक ड्रायव्हर माझ्या खोलीच्या दारात आला.

"मामा, लय वेळ झाला. तुमच्या त्या पुण्याच्या साहेबाला माझी गाडी दिसते का?"

"नाही."

"मग काय दिसतं त्याला?"

"चालू कामं."

"आन् बंद पडलेली?"

"ती मी बघतो," मी म्हणालो.

*

साहेबांनी मॅनेजरना स्पष्ट सांगितलं, दोष सातपूरच्या माणसांचा आहे, शुक्रवारी दाखवून देतो आणि मशीन घेऊन जातो. न्यायला टेम्पोही ठरला.

शुक्रवारी मॅनेजर माझ्या खोलीत आले. फोन स्पीकरवर. साहेबांच्या हुकुमाने बाराही जणांनी आपापलं काम बंद केलं आणि हाताची घडी घालून बसले. मशीन तरीही रखडतच होतं. इतकं, की साहेबांना पुण्यातून आत शिरताच येईना.

"बघा!" साहेब म्हणाले. "काम न मिटवता कोणीतरी नुसता पडदा बंद करून घरी जातंय. रोज! मशीनला वाटतं तो बसलेलाच आहे. त्याचं सगळं चालूच राहतं. मामा, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं का?"

"स्टोअरच्या खोक्यांवरचं छापील येतं."

"मग चालू कामांची यादी उघडा. कामाचं नाव नको. शेजारी माणसाचं नाव असेल, तेवढं वाचा. मॅनेजरसाहेब, लिहून घ्या. आज एकालाही सोडू नका."

मॅनेजरनी पेन काढलं. मी पडद्यावर बोट ठेवलं.

"देवधर."

"हं, पुढे."

"देवधर."

"मामा, तीच ओळ परत वाचताय."

"नाही साहेब. बोट खाली घेतलंय. देवधर."

मॅनेजर लिहीत होते. मी शेवटपर्यंत वाचलं.

"साहेब, अकरा देवधर आहेत. सगळे काढू, की एक ठेवू?"