नानांनी घेतलेली व्हायवा

कपाटातून नानांचा कोट काढला आणि डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात शिरला. एडिनबराचं आमचं ते जुनं किचन एकदम समोर आलं.

नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. नाना म्हणजे माझे सासरे. साताऱ्याकडे मुलांच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर होऊन ते आमच्याकडे आले होते. दुसऱ्या दिवशी माझी पीएचडीची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा होती. विषय होता विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अमेरिकन कॉलेजांचे प्रेसिडेंट, म्हणजे प्रमुख: जुन्या वळणाचे जाऊन त्यांच्या जागी नवे कसे आले. भीतीने मी तीच तीच पानं पुन्हा चाळत होते.

"मी घेतो तुझी व्हायवा," म्हणत नाना हा कोट चढवून टेबलाशी बसले. मी सवयीने ओट्याला टेकून उभी. त्यांच्यासमोर मी कधी बसतच नसे.

"कँडिडेट बसतो," म्हणत त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मग जुन्या प्रेसिडेंटांची बाजू त्यांनी अशी काही लावून धरली! "प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखायचे ते. तुझे नवे प्रेसिडेंट नुसते देणग्या मागत हिंडले आणि बिल्डिंगा बांधत सुटले."

"पण नाना," माझा आवाज चढला, "त्या नावांत मुलींची नावं किती होती?"

"पास!" नाना म्हणाले, आणि उठून स्वतः चहा टाकला.

मी जिंकल्याच्या खुशीत होते. प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखणारा हेडमास्तरच माझ्यासमोर बसला होता, हे आज कळतंय.

कोट टेबलापाशी खुर्चीच्या पाठीवर अडकवला, आणि मी समोर बसले.