देवळाची बाहेरची भिंत

वालूरजवळच्या आमच्या गावात काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे. चुना न लावता दगडात दगड बसवलेला. गावातले एक निवृत्त गुरुजी रोज सकाळी तिथं येतात. ते बौद्ध आहेत. चपला काढतात, पण आत येत नाहीत. भिंतीवरच्या मूर्तींची धूळ रुमालानं पुसतात.

“आत या की,” मी एकदा म्हणाले.

“देवाशी माझं काम न्हाई मावशी, दगडाशी हाय.”

मला हा माणूस चक्रमच वाटायचा.

यंदा जत्रेआधी कमिटीवाले देवळाला ऑइलपेंट मारायला निघाले. गुरुजी भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

“तुमी तर आत बी येत न्हाई. मग आडवे कशाला यायलाव?” कमिटीचा अध्यक्ष ओरडला.

“माझ्या आज्याला आत येऊ देत नव्हते. त्यानं जलमभर हीच बाजू बघितली. आत काय बी रंगवा, ही राहू द्या.”

रंगाचे डबे आत गेले. गाभारा आता निळा आहे आणि वाईट दिसतो.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींशेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, “दाखवा, काय हाय ते.”

त्यांनी बोट ठेवलं. हत्तींच्या रांगेत एक हत्तीण मान वळवून मागं राहिलेल्या पिल्लाकडं बघत होती.