एकनाथच्या कौलावरचा कोंबडा

सांडोरच्या एकनाथने हवामान खात्याचं कधी ऐकलं नाही. ऐकलं ते कौलावरच्या पत्र्याच्या कोंबड्याचं. आजोबांनी कुठल्याशा पाडलेल्या बंगल्यावरून आणलेला तो वातकुक्कुट. चोच जिकडे, वारा तिकडून. ते बघून एकनाथ केळींना बांबूचे टेकू लावायचा, वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला. कोणी हसलं की फणकारायचा, "तुझा मोबाईल माझ्या वाडीत राहतो काय रे?"

यंदा कोंबड्याची रुंद शेपटी गंजून गेली. माणिकपूरच्या लेस्टर वेल्डरने ती कापून सळईची नाजूक पिसं जोडली. "एकनाथभाऊ, नवरदेव दिसतो बघा!" आणि दिसतही होता! लोक थांबून फोटो काढायला लागले. एकनाथ फुगला.

दसऱ्याला आठ दिवस राहिले. घड भरत आलेले, घराचं वर्षभराचं पोट त्यांच्यावर. परतीच्या पावसाचा वारा मात्र बेभरवशाचा, कधी समुद्राचा, कधी डोंगराचा. दुपारी ढग दाटले. कोंबड्याची चोच समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला. एकनाथने सगळे टेकू पूर्वेच्या अंगाला रोवले.

बायको जयवंती धावत आली. "अहो, शेजारी पेटवलेल्या पाल्याचा धूर समुद्राकडे चाललाय. वारा डोंगराचा आहे."

"धूर खालचा. कोंबडा वरचं सांगतो."

"मग केळी काय वर लावल्यात?"

एकनाथ समुद्राकडे तोंड करून उभा होता आणि वारा पाठीला लागत होता. पाठ खोटी की कोंबडा? आजवर एकदाही न चुकलेला कोंबडा! त्याने एक बांबू उपटला, घटकाभर धरून ठेवला, पुन्हा तिथेच रोवला.

पहिल्याच झोताने तीन केळी समुद्राकडे आडव्या झाल्या. वर चोच अजून समुद्राकडेच.

"पिसांतून वारा आरपार जातोय हो!" जयवंती ओरडली. "छातीवर अडतोय. उलटा फिरलाय मेला!"

एकनाथला अर्धंच उमगलं, पण हात चालले. दोघांनी भिजत बांबू फिरवले. समुद्राकडची अर्धी वाडी उभी राहिली, उरलेली चिखलात झोपली.

सकाळी लेस्टर ओशाळत रुंद पत्रा घेऊन आला. शिडी लावू लागला तसा एकनाथ खेकसला, "थांब! आधी सांग, आत्ता वारा कुठून आहे?"

लेस्टरने कोंबड्याकडे पाहिलं, बोट ओलं करून वर धरलं, पुन्हा कोंबड्याकडे पाहिलं.

"तुम्हीच सांगा, भाऊ."

एकनाथने आडव्या केळींकडे पाहिलं आणि जयवंतीला हाक मारली.